प्राइड अँड प्रेज्युडिस पहिल्यांदा वाचताय? मग आधी सगळ्यांच्या पैशाचा हिशोब मांडा

कॉलेजात असताना मी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातले सगळे आकडे गाळून पुढे गेले होते. चार हजार, दहा हजार, हजार पौंड अमुक टक्क्यांनी, असलं काही आलं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर, कारण मला लव्हस्टोरी हवी होती. मग एकदा स्वयंपाकघरात आईला गोष्ट सांगत बसले होते तर तिनं मेथी निवडता निवडता विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं, पण तो डार्सी करतो काय?" आणि मी गप्पच. नोकरी नाही, धंदा नाही, वकिली नाही. तो पोटासाठी काहीच करत नाही, आणि काही करावं लागत नाही हाच त्याचा मोठेपणा आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. त्या रात्री पुस्तक परत उघडलं, ह्या वेळी हातात पेन्सिल घेऊन.

तर जे कोणी पहिल्यांदा वाचायला घेताय, किंवा दोनदा घेऊन नेदरफील्डच्या बॉलपर्यंत, म्हणजे नाचाच्या समारंभापर्यंत, येऊन सोडून दिलंय, त्यांच्यासाठी ही माझी पद्धत लिहितेय. पुस्तक १८१३ सालचं, जेन ऑस्टिनचं, त्यामुळे कॉपीराइट कधीच संपलाय आणि फुकट मिळतं. शिवाय एक पेन्सिल आणि मागचं कोरं पान, बास. आणि हो, खाली गोष्ट शेवटपर्यंत फुटणार आहे, नंतर मला बोल लावू नका.

पायरी १: पानावर तीन रकाने पाडा

पहिला रकाना 'वर्षाला', दुसरा 'एकरकमी', तिसरा 'हे कोण बोललं'. तिसऱ्याकडे नंतर येते, आधी पहिले दोन, कारण नवीन माणसाचा सगळा घोळ तिथेच होतो.

पुरुषाची ऐपत सांगताना ह्या पुस्तकातले लोक सहसा वर्षाचं उत्पन्न सांगतात आणि मुलीची सांगताना तिच्या नावावरची पुंजी. नायक डार्सी वर्षाला १०,००० पौंड. त्याचा मित्र बिंग्ली वर्षाला ४ ते ५ हजार. नायिकेचे वडील मिस्टर बेनेट वर्षाला २,०००. आता मुली बघा, बिंग्लीच्या बहिणी प्रत्येकी २०,०००, डार्सीची धाकटी बहीण जॉर्जियाना ३०,०००, आणि मधेच एक मिस किंग येते तिचे १०,०००, पण हे सगळे एकरकमी. मी पहिल्या वाचनात मिस किंगला डार्सीइतकीच श्रीमंत धरून चालले होते, दोघांचे दहा हजारच की! कुठे काय.

एकरकमीचं वर्षाचं करायला ४ किंवा ५ टक्के व्याज लावायचं, झालं. मिस किंगच्या दहा हजारांचे वर्षाला ४०० ते ५०० होतात. पद्धत बरोबर आहे का ते बिंग्लीवर तपासून घ्या: त्याला वडिलांकडून जवळजवळ १ लाख पौंड आलेत असं चौथ्या प्रकरणात येतं, त्याचे ४ टक्क्यांनी चार हजार आणि ५ टक्क्यांनी पाच हजार, आणि पहिल्याच प्रकरणात मिसेस बेनेट नवऱ्याला 'वर्षाला चार-पाच हजार' असंच सांगते. ऑस्टिनबाईंचा हिशोब पक्का आहे, पूर्ण पुस्तकात मला तरी चूक सापडलेली नाही.

आता नायिकेचं, एलिझाबेथ बेनेटचं गणित. तिच्या वाट्याला १,००० पौंड, ४ टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत, आणि ते पण आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. आणि ही रक्कम आपल्याला कळते कधी, तर नात्यातला पाद्री कॉलिन्स तिला मागणी घालतो तेव्हा! मागणी घालतानाच हा गृहस्थ तिला ऐकवतो की तुझ्याकडे काय आहे ते मला माहितीये आणि लग्नानंतर मी त्यावरून एक शब्द बोलणार नाही. किती तो उदारपणा.

बेनेट कुटुंब गरीब आहे असं बरेच नवीन वाचक, आणि काही सिनेमे बघून आलेले तर नक्कीच, धरून चालतात. गरीब अजिबात नाहीत. वर्षाला २,००० म्हणजे त्या भागात चांगले तालेवार लोक, घरात नोकरचाकर, घोडागाडी, सगळं आहे. भानगड पुढची आहे. हे उत्पन्न येतं ती जमीन फक्त मुलग्याकडेच जाणार अशी कायदेशीर बांधलेली, आणि ह्यांना पाच मुलीच. वडील गेले की घरासकट सगळं त्या लांबच्या चुलत नात्यातल्या कॉलिन्सकडे. मग आईसाठी आणि मुलींसाठी उरतात एकूण ५,००० पौंड, त्याचे ४ टक्क्यांनी वर्षाला २००, खाणारी तोंडं सहा. आज २,००० आणि उद्या २००. मुलगा होईल, तो मोठा होऊन जमिनीची ती बांधणी सोडवेल ह्या भरवशावर नवराबायकोनं कधी बचत केलीच नाही, आणि मुलगा काही झाला नाही. हे एकदा मांडलंत ना, की मिसेस बेनेटचा तो सततचा लग्न-लग्न आरडाओरडा तेवढा हास्यास्पद वाटत नाही. बाई येडपट आहे, मान्य, पण भीती खरी आहे.

पायरी २: पौंडाचे रुपये करू नका

नेटवर कन्व्हर्टर सापडतील, दोनशे वर्षांपूर्वीचा पौंड आज किती वगैरे. नादाला लागू नका, कारण तेव्हा माणसाची मजुरी मातीमोल आणि कापड महाग, घोडा पाळणं म्हणजे तर खड्डाच, त्यामुळे आजच्या कुठल्याच आकड्याशी ते नीट बसत नाही. मी काय करते, पुस्तकातलंच माप घेते. मिस्टर बेनेटचं एक वर्ष, २,००० पौंड, ह्याला म्हणायचं 'एक बेनेट'. डार्सी वर्षाला पाच बेनेट. बिंग्ली दोन-अडीच. एलिझाबेथचे ते ४० पौंड म्हणजे एका बेनेटचा पन्नासावा भाग.

आणि डार्सीची मावशी, कॉलिन्सची आश्रयदाती लेडी कॅथरीन, तिच्या रोझिंग्ज नावाच्या घरातल्या एका दिवाणखान्यातल्या शेकोटीची नुसती चौकट ८०० पौंडांची, म्हणजे ०.४ बेनेट! पाच मुलींचं घर जवळजवळ पाच महिने चालेल एवढे पैसे एका शेकोटीभोवती. मिस बिंग्लीच्या वीस हजारांचं ४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज पण बरोब्बर ८०० च येतं, हे मला पेन्सिलीमुळे सापडलं आणि मी एकटीच हसत बसले. अजून एक: ऑस्टिनबाईंनी ही आख्खी कादंबरी एजर्टन नावाच्या प्रकाशकाला ११० पौंडांत विकून टाकली होती, त्यांना १५० हवे होते. त्या शेकोटीच्या पैशात अशा सात कादंबऱ्या आल्या असत्या.

पायरी ३: आकडा कोणाच्या तोंडून आला ते लिहा

हा तिसरा रकाना, आणि माझ्या मते सगळी मजा ह्यातच आहे.

डार्सीचे दहा हजार कोण सांगतं? डार्सी नाही. तो जवळच्या मेरिटन गावातल्या बॉलमध्ये पाय ठेवतो आणि पाच मिनिटांत आख्ख्या हॉलमध्ये ती बातमी फिरलेली असते, कोणी सांगितली ते लेखिका सांगतच नाही, तिसऱ्या रकान्यात मी 'गाव' असं लिहिलंय. शेकोटीचे ८०० लेडी कॅथरीन स्वतः बोलत नाही, तिच्या वतीनं कॉलिन्स बोलतो, आणि तेही कुठे, तर एलिझाबेथच्या मावशीच्या घरी. आधी तो मावशीच्या बैठकीच्या खोलीला म्हणतो की ही अगदी रोझिंग्जमधल्या उन्हाळ्यात नाश्ता करायच्या छोट्या खोलीसारखी आहे, मावशीचं तोंड उतरतं, मग तो शेकोटीची किंमत सांगतो तेव्हा कुठे तिला कळतं की हे कौतुक होतं. पुढे एलिझाबेथ रोझिंग्जला जाते तेव्हा हा तिला समोरच्या खिडक्या मोजून दाखवतो आणि त्यांना काच बसवायला मूळ मालकाला किती खर्च आला तेही सांगतो. खिडक्याच का, तर इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्यांवर टॅक्स होता, जितक्या खिडक्या तितका कर, म्हणजे समोरून दिसणारी प्रत्येक खिडकी ही मालकाची मिरवायची पावतीच.

नोंद करत गेलात की दिसेल, ज्याचा पैसा मुरलेला आहे त्याला स्वतः आकडा बोलायची गरज पडत नाही, त्याच्यासाठी बोलणारी माणसं आयती असतात. डार्सी एकदा रकमा लिहितो, एलिझाबेथला दिलेल्या पत्रात, वडिलांच्या कारभाऱ्याच्या पोराला, विकमला, काय दिलं आणि बहिणीच्या ३०,००० वर त्याचा कसा डोळा होता ते, पण ते खाजगी पत्र, आणि स्वतःच्या उत्पन्नाबद्दल त्यातही अक्षर नाही.

पायरी ४: पैसा आला कुठून

आकडा समजला म्हणजे दर्जा समजला असं इथे होत नाही. जमिनीचा पैसा वरचा, व्यापाराचा खालचा, आणि व्यापाराचा पैसा जमिनीत घातला आणि एक-दोन पिढ्या गप्प बसलं की तो हळूहळू वरचा होतो. बिंग्ली मधल्या पायरीवर अडकलाय. वडिलांनी व्यापारात कमावलं, इस्टेट घ्यायची होती पण त्याआधीच गेले, म्हणून हा नेदरफील्ड भाड्यानं घेऊन राहतो. भाड्यानं! हे लक्षात ठेवा, कारण त्याच्याच बहिणी बेनेट मुलींच्या मामावर हसतात, का तर तो लंडनच्या व्यापारी भागात, चीपसाइडच्या जवळ, स्वतःच्या गोदामांच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. ह्यांचे वीस-वीस हजार पण व्यापारातूनच आलेत, पण लेखिका टोमणा मारते की आपलं घराणं उत्तरेकडचं प्रतिष्ठित आहे हे त्यांच्या जास्त लक्षात आहे आणि पैसा कुठून आला हे कमी. अशी एक तरी आत्या किंवा काकू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असते, पुढे बोलत नाही.

गंमत म्हणजे तो मामा, मिस्टर गार्डिनर, पुस्तकातल्या सगळ्यात सुसंस्कृत माणसांपैकी एक आहे, आणि डार्सी आपल्या घरी, पेम्बर्लीला, त्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा कोणीतरी फॅशनेबल गृहस्थ समजतो. मामा आहे म्हटल्यावर त्याला धक्का बसतो हे एलिझाबेथला दिसतं, पण तो पळ काढत नाही, उलट आमच्या ओढ्यात मासे धरायला या म्हणतो. ह्या जागेला पेन्सिलीनं खूण कराच.

सर विल्यम लूकस विसरू नका. हा मेरिटनमध्ये धंदा करायचा, महापौर असताना राजासमोर भाषण केलं, 'सर' झाला, आणि मग त्याला दुकानदारीचीच लाज वाटायला लागली, धंदा सोडला, गावापासून मैलभर लांब घर घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं लूकस लॉज. स्वभावानं गरीब बिचारा, दरबारात एकदा जाऊन आलोय ते सगळ्यांना सांगत असतो, आणि रोझिंग्जमध्ये लेडी कॅथरीनसमोर गेल्यावर एवढा बावरतो की वाकून नमस्कार करतो आणि एक शब्द न बोलता बसून राहतो. कमाई सोडून मान घेतला आणि पोरीसाठी फारसं काही उरलं नाही. शार्लट सत्तावीस वर्षांची होऊन कॉलिन्सला हो का म्हणते त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पायरी ५: कोण कोणाला कशी हाक मारतं

हे आपल्याला पटकन कळत नाही म्हणून थोडक्यात. थोरल्या मुलीला नुसतं 'मिस बेनेट' म्हणायचं, धाकटीला नावासकट 'मिस एलिझाबेथ'. 'सर' नेहमी पहिल्या नावाला लागतं, म्हणून सर विल्यम, कधीही सर लूकस नाही. त्याची बायको मात्र लेडी लूकस. मग लेडी कॅथरीन ही लेडी डी बर्ग का नाही? कारण ती जन्मानंच अर्लची, म्हणजे मोठ्या सरदाराची मुलगी, तिचं 'लेडी' नवऱ्याकडून आलेलं नाही, म्हणून ते तिच्या स्वतःच्या नावाला चिकटलेलं. दोघी 'लेडी', पण एकीचं नवऱ्याच्या भाषणामुळे आणि एकीचं रक्तात. आणि आपला डार्सी? साधा मिस्टर. आई सरदारकन्या, पण तो लॉर्ड वगैरे कोणी नाही.

उलट खरा अर्लपुत्र कर्नल फिट्झविल्यम, लेडी कॅथरीनचा भाचा, तो धाकटा असल्यामुळे कफल्लक. म्हणजे आपल्या मानानं नाही हो, त्यांच्या मानानं. आमच्यासारख्यांना पैशाकडे न बघता लग्न करणं परवडत नाही असं तो एलिझाबेथला फिरता फिरता सुचवतो. ही जराही न चिडता विचारते, अर्लच्या धाकट्या मुलाचा चालू भाव काय, थोरला भाऊ फारच आजारी नसेल तर पन्नास हजारांच्या वर नसेल ना? मला आख्ख्या पुस्तकात ती सगळ्यात जास्त इथे आवडते, डार्सीला झापते तिथेसुद्धा एवढी नाही.

पायरी ६: गाडी, घोडे आणि चिखल

गाडी हे इथलं सगळ्यात मोठं मिरवायचं साधन, तेव्हा गाडी आली की थांबा आणि तीन प्रश्न विचारा: गाडी स्वतःची की भाड्याची, घोडे किती, आणि ते घोडे एरवी काय करतात.

बिंग्ली पहिल्यांदा येतो तोच चार घोड्यांच्या गाडीतून, म्हणजे गावाला आकडा कळायच्या आधी घोडे दिसलेत. डार्सी बॉलमध्ये मिसेस लाँगशी बोलला नाही ह्याचं कारण मिसेस बेनेटच्या मते काय, तर तिची स्वतःची गाडी नाही, भाड्याच्या गाडीतून आली होती हे त्याला कुठूनतरी कळलं असणार! कॉलिन्स म्हणतो की लेडी कॅथरीनची गाडी आम्हाला नेहमी घरी सोडते, आणि मग स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतो, गाडी नव्हे, गाड्यांपैकी एक, कारण त्यांच्याकडे बऱ्याच आहेत.

आणि आता बेनेट. ह्यांच्याकडे गाडी आहे, पण घोडे शेतीच्या कामाचे. थोरल्या बहिणीला, जेनला, नेदरफील्डला जेवायला जायचंय, गाडी मागते, तर आई म्हणते तुझ्या बाबांना घोडे मोकळे करता येणार नाहीत, शेतावर लागतात ना, आणि बाबा म्हणतात शेतावर ते जितके लागतात तितके मलाच मिळत नाहीत. ह्या दोन-तीन ओळींत त्या घराची सगळी आर्थिक परिस्थिती आहे: दिसायला गाडी आहे, पण एकाच घोड्यावर दोन कामं. आईला अर्थात पोरीनं घोड्यावर बसूनच जायला हवंय, पाऊस आला की मुक्काम ठोकावा लागेल म्हणून. पाऊस येतो, जेन भिजते, आजारी पडते, प्लॅन सक्सेसफुल.

मग एलिझाबेथ बहिणीला बघायला तीन मैल चिखल तुडवत पायी जाते. तिच्या पेटीकोटला सहा इंच चिखल लागलाय हे बिंग्लीच्या बहिणी किती चवीनं मोजतात बघा, जणू फूटपट्टी घेऊन बसल्या होत्या. हा चिखल म्हणजे 'हिला गाडी मिळाली नाही' ह्याचा पुरावा. बाईमाणसानं एकटीनं पायी जाणं म्हणजे गावंढळपणा असं त्यांचं मत, आणि ते सांगायला त्यांना पैसा हा शब्दही उच्चारावा लागत नाही. तिसरा रकाना इथे रिकामा ठेवा, चिखल बोलतोय.

पायरी ७: जेवणाचं टेबल आणि पत्ते

इथे फार वेळ घालवू नका, फक्त लक्ष ठेवा. कॉलिन्स विचारतो की एवढा चांगला स्वयंपाक कुठल्या बहिणीनं केला, तर मिसेस बेनेट ताडकन सांगते की आम्हाला स्वयंपाकीण ठेवणं परवडतं, माझ्या मुली स्वयंपाकघरात जात नाहीत. आपल्याकडे 'मुलगी सगळं करते हो' असं सांगतात, तिथे उलटं. आणि डार्सी जेवायला येणार म्हटल्यावर दहा हजारवाल्याला शोभेल असं जेवण, नंतर पुन्हा हिशोब, आपलं सूप लूकसांच्यापेक्षा पन्नास पट चांगलं होतं आणि डार्सीनं पक्ष्यांच्या मांसाची तारीफ केली, त्याच्याकडे तर दोन-तीन फ्रेंच आचारी असतील!

पत्त्यांत एलिझाबेथ नेदरफील्डला खेळायला बसत नाही, बहिणीचं निमित्त सांगते, खरं कारण हे की डाव मोठ्या पैशाचा चाललाय असा तिला संशय येतो. तेच कॉलिन्स मावशीकडे पाच शिलिंग हरतो आणि सगळ्यांना समजावतो की लेडी कॅथरीनच्या कृपेनं पाच शिलिंगांचं मला काही वाटत नाही. एकीनं झाकलं, एकानं वाजवलं.

पायरी ८: दोन घरं शेजारी ठेवून वाचा

रोझिंग्जची प्रकरणं आणि पेम्बर्लीचं प्रकरण शक्यतो एकाच बैठकीत वाचा, मधलं आधी वाचून झालं असेल तर नुसती ही दोन परत काढा.

रोझिंग्जमध्ये घरापेक्षा चौकशी जास्त. लेडी कॅथरीन पहिल्याच भेटीत एलिझाबेथला विचारते वडील कुठली गाडी ठेवतात, आईचं माहेरचं आडनाव काय. ही दोन प्रश्नांची जोडी किती तयारीची आहे बघा, पहिल्यात पैसा कळला, दुसऱ्यात कुळी, आणि वरून वाटतं सहज गप्पा मारतेय. तिकडे जायच्या आधी कॉलिन्स एलिझाबेथला धीर देतो की कपड्यांची काळजी करू नकोस, साधे घातलेस तरी चालतील, त्यांना दर्जातला फरक राखलेला आवडतो. म्हणजे तुझे कपडे साधे असणं हाही त्यांच्या शोभेचाच भाग!

पेम्बर्लीला मालक घरी नाही असं समजून एलिझाबेथ आणि मामा-मामी बघायला जातात. मोठ्या जमीनदारांची घरं अशी परक्या पाहुण्यांना दाखवायची तेव्हा रीत होती, घर सांभाळणारी बाई फिरवून आणायची. एलिझाबेथ खोल्या बघते आणि तिला जाणवतं की सामान मालकाच्या ऐपतीला शोभेल असंच आहे पण भडक नाही, उगीच भारी नाही, रोझिंग्जपेक्षा डामडौल कमी आणि खरी नजाकत जास्त. आता तुमचा दुसरा-तिसरा रकाना बघा: रोझिंग्जमध्ये शेकोटीची किंमत कळली होती, इथे सामानाची किंमत सांगितली जाते, पण एलिझाबेथचं तिकडे लक्षच नाही, आपल्यापर्यंत एकही आकडा येत नाही. मिसेस रेनल्ड्स ही घर सांभाळणारी बाई बोलते भरपूर, पण एलिझाबेथ कान देते ते फक्त डार्सीबद्दल, की तो चार वर्षांचा असल्यापासून बघतेय, कधी वावगं बोलला नाही, ह्याच्यासारखा जमीनमालक नाही.

एलिझाबेथ पैशाला भुलली का हा वाद वाचकांमध्ये कायम असतो. माझं मत सांगते, थोडी भुलली, आणि त्यात काही वाईट नाही. पेम्बर्लीची मालकीण होणं म्हणजे काहीतरी चीज आहे असं तिच्या मनात स्पष्ट येतं, लेखिका लपवत नाही. आधी विकम मिस किंगच्या मागे लागतो तेव्हा मामी त्याला पैशाचा लोभी म्हणते, तर एलिझाबेथच विचारते की शहाणपण कुठे संपतं आणि लोभ कुठे सुरू होतो, ख्रिसमसला त्यानं माझ्याशी लग्न केलं तर ते अविचाराचं म्हणून तू घाबरली होतीस ना? मामीकडे नीट उत्तर नाही. लेखिकेकडेही आहे असं मला वाटत नाही.

पायरी ९: लिडियाच्या लग्नाचं बिल करा

धाकटी लिडिया विकमबरोबर पळून जाते, आणि इथे सगळे रकाने एकदम भरतात. हिची ओळख आधीच झालेली असते, बहिणींना जेवायला घालते म्हणते पण पैसे तुम्ही उसने द्या, कारण तिचे एका टोपीवर उडालेत, आणि ती टोपी तिला स्वतःलाच फार आवडलेली नाही.

लग्न ठरतं तेव्हा मामाच्या पत्रात विकमची मागणी फारच कमी दिसते: पाच हजारांतला तिचा वाटा आणि बाप जिवंत असेतो वर्षाला १०० पौंड. मिस्टर बेनेटला लगेच शंका येते, दहा हजारांच्या खाली घेणारा विकम मूर्खच, म्हणजे मागून कोणीतरी मोठी रक्कम भरलीये. मिसेस बेनेटला असले प्रश्न पडत नाहीत. ती आपल्या खोलीतून खाली येते आणि जावयासाठी आसपासचे बंगले निवडायला लागते, ह्याचा दिवाणखाना लहान, ते दहा मैल लांब, त्याचे माळे भयंकर. जावयाकडे फुटकी कवडी नाही, हे तिच्या गावीही नाही.

पैसे डार्सीनं भरलेत. मामीच्या पत्रात यादी येते: विकमची देणी, हजार पौंडांहून बरीच जास्त, लिडियाच्या नावावर आणखी १,०००, आणि सैन्यातल्या अधिकारपदाची खरेदी. हो, खरेदी, इंग्लंडच्या सैन्यात अधिकाऱ्याची जागा पैसे देऊन विकत मिळायची, ते १८७१ मध्ये बंद झालं. आपल्या मापात हे सगळं एक बेनेट तरी सहज होतं. आणि पुस्तकभर ज्याच्या दहा हजारांची चर्चा गावानं केली, त्या माणसाचा आपल्याला रकमेसकट दिसलेला हा एक मोठा खर्च, आणि तो मामाला अट घालतो की माझं नाव येता कामा नये, सगळं तुम्ही केलंत असं सांगा. शेकोटीला कॉलिन्स होता, ह्याला कोणीच नाही. फुटतं ते लिडियाच्या पचकण्यामुळे, डार्सी लग्नाला होता हे ती बोलून बसते. पुढे सगळं कळल्यावर मिस्टर बेनेट काय म्हणतात, तर मामानं भरले असते तर मला परत करावे लागले असते, प्रेमात पडलेल्या माणसाला आपण नुसतं विचारायचं, तो नकोच म्हणणार, सुटलो!

लग्नानंतर लिडिया माहेरी येते ती बोट पुढे करून. वाटेत ओळखीच्याची गाडी दिसली तर हिनं खिडकीची काच खाली घेतली, हातमोजा काढला आणि हात चौकटीवर ठेवला, अंगठी दिसावी म्हणून. आणि जेवायला जाताना थोरल्या जेनला म्हणते, आता तुझी जागा माझी, तू मागे हो, माझं लग्न झालंय. कोणी आत आधी जायचं ह्यालाही दर्जा असायचा, आणि लिडियाला तो कोणाच्या पैशानं मिळाला ते तिला माहीतही नाही.

शेवटच्या प्रकरणात, डार्सीशी लग्न झालेल्या एलिझाबेथला लिडियाचं पत्र येतं, तू एवढी श्रीमंत झालीस हे बरं झालं, आमचं काही भागत नाही, वर्षाला तीन-चारशेची कुठलीही नोकरीची जागा मिळाली तरी चालेल, पण तुला नको वाटत असेल तर मिस्टर डार्सीपाशी बोलू नकोस. एलिझाबेथ बोलत नाही, स्वतःच्या खर्चातून वाचवून पाठवत राहते. माझ्या पानावरची शेवटची ओळ ही आहे: वर्षाला ३०० ते ४००, एकरकमी काही नाही, कोण बोललं, लिडिया स्वतः.